तोंडाला फेस

"पावडर कुठली वापरता?" त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फक्त उन्हाळ्यात वापरतो. घामोळ्यांची."

"अंगाला नव्हे हो. कपड्यांना."

याचं उत्तर मला देता येईना. बँकेचा खातेक्रमांक मला पाठ आहे, गाडीत हवा किती भरायची ते माहीत आहे, पण ज्या पाण्यातून माझा शर्ट गेली तीस वर्षं रोज बाहेर येतोय त्या पाण्यात काय कालवलेलं असतं, याचा पत्ता नाही. शेवटी बाहेर बसलेल्या हिला आत बोलावलं. तिने एका दमात पाच नावं सांगितली. डॉक्टरांचं पेन दुसऱ्या नावापाशीच थांबलं.

माझ्या अंगावरचं पुरळ मोठं शिस्तीचं होतं. मानेमागे कॉलरची अचूक रेघ, काखेच्या कडेने एक कमान आणि कमरेला जिथे लेंग्याची नाडी बसते तिथे गोल पट्टा. शिंप्याने खडूने आखावं तसं. बाई म्हणाल्या, "कपडा जिथे घट्ट बसतो आणि घाम येतो तिथेच आलंय. पावडरीची खरी अ‍ॅलर्जी तशी थोड्यांनाच असते. बाकीच्यांना खाजवतं ते कपड्यात राहून गेलेल्या पावडरीमुळे, नाहीतर तिच्यातल्या वासामुळे." मग त्यांनी एक मलम लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं : बिनवासाची पावडर, निम्मी. एक पाणी जास्त.

मेडिकलवाल्याने कागद दोनदा वाचला आणि मलम देऊन म्हणाला, "बाकीचं आमच्याकडे मिळत नाही."

आमच्या घरी धुण्याचं खातं तिघांत वाटलेलं आहे. धोरण हिचं, अंमलबजावणी मावशींची आणि वाळत घालणं माझं. ते माझ्याकडे आलं ते कर्तृत्वाने नव्हे, उंचीने. ड्राय बाल्कनीत मशीनच्या वरच्या फळीवर पाच प्रकार नांदतात : बादलीत भिजवायची पावडर, मशीनची पावडर, मशीनचं लिक्विड, कॉलरला घासायची वडी आणि लोकरीच्या कपड्यांचं एक नाजूक बाटलीतलं प्रकरण. शिवाय धुणं झाल्यावर घालायचं कंडिशनर, ज्याच्या बाटलीवर डोळे मिटून टॉवेलात तोंड खुपसलेली एक बाई आहे. प्रत्येक पाकिटावर माप आहे, प्रत्येक बाटलीच्या टोपणात आत रेघा आहेत. त्या रेघा टोपणाच्याच रंगाच्या असल्यामुळे दिसत नाहीत आणि म्हणून टोपण काठोकाठ भरलं जातं. बाटली लवकर संपण्यात कोणाचं हित आहे, हे इथे लिहीत नाही.

मावशींना या कशाचीच गरज पडत नाही. त्यांचं माप म्हणजे मूठ. मुठीवर चिमूटभर आणखी, कारण मूठ झाकताना थोडी सांडते.

"मावशी, डॉक्टरांनी पावडर निम्मी सांगितलीय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे, दवाखान्यातून बिघडून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "काका, फेसच नाही आला तर मळ निघंल कसा?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या भाषेने तो कधीच मान्य करून टाकलाय. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात जड पाण्याला शब्द आहे 'दुष्फेन' आणि हलक्या पाण्याला 'सुफेन'. म्हणजे पाण्याचं चारित्र्यच आपण फेसावरून ठरवलं. मावशी मूळच्या बार्शीकडच्या. त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणी असं, की डाळ शिजता शिजत नाही आणि साबण लावला की फेसाऐवजी पांढरट चिकट साका येतो. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी साबणाला गाठतात. त्यांचं पोट भरलं की मग उरलेला साबण कपड्याच्या वाट्याला येतो. तेव्हा फेस येईस्तोवर साबण घासत राहणं हे तिथे शुद्ध शास्त्र होतं. फेस आला याचा अर्थ पाण्यातला क्षार संपला, आता कामाला सुरुवात. मावशींची मूठ त्या विहिरीच्या मापाची आहे. विहीर गावी राहिली, मूठ पुण्याला आली.

पुढे साबण जाऊन डिटर्जंट आले आणि हिशेब बदलला. डिटर्जंटला क्षार तितकेसे अडवत नाहीत आणि पावडरीत धुण्याचा सोडा वगैरे मंडळी त्या क्षारांना बाजूला घेऊन बसवायलाच नेमलेली असतात. जड पाण्याला पावडर जरा जास्त लागते हे खरं. पण मुठीने नाही. फेस मात्र तसाच हवाहवासा राहिला, कारण तो दिसतो. मळ निघाला की नाही हे वाळल्यावर कळतं, फेस लगेच कळतो. मग पावडर करणारेही तो पुरवत राहिले.

माझ्या लहानपणी ५०१ बारचे तुकडे करून ठेवलेले असायचे. मोरीतल्या दगडावर कपडा पसरायचा, वडी फिरवायची, ब्रशने घासायचं आणि आपटायचं. त्याच सुमाराला घरात पावडर आली. सर्फ १९५९ साली बाजारात आला होता, पण आमच्याकडे तो पाव्हण्यासारखा यायचा. मग १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या रसायनशास्त्र शिकलेल्या सरकारी नोकराने घरामागे पिवळी पावडर कालवायला सुरुवात केली, सायकलवरून दारोदार विकली आणि तिला आपल्या मुलीचं, निरुपमाचं, लाडकं नाव दिलं. बड्या कंपनीच्या पावडरीच्या चौथाईच्या आसपास तिची किंमत. त्या निरमाने मोठ्यांच्या तोंडाला असा फेस आणला, की ऐंशीच्या दशकात त्यांना सर्फच्या जाहिरातीत कविता चौधरींची ललिताजी मैदानात उतरवावी लागली. पांढरी साडी, कपाळावर आठी, भाजीवाल्यासमोर स्वस्त आणि चांगलं यांतला फरक समजावणारी. आमच्या आईने हा वाद दोन डबे ठेवून मिटवला. बाबांच्या ऑफिसच्या शर्टांना निळी पावडर, आम्हा पोरांना पिवळी. निळ्या डब्याला हात लावला म्हणून मी मार खाल्लेला आहे.

आता आमच्याकडे पुढून दार असलेलं मशीन आहे. ते आलं त्या आठवड्यात मावशींनी त्याला बादलीची पावडर मूठभर घातली, वर एक मूठ मशीन नवीन म्हणून. विसाव्या मिनिटाला कप्प्याच्या फटीतून फेस डोकावला. पंचविसाव्या मिनिटाला तो ड्राय बाल्कनी ओलांडून स्वयंपाकघरात आला आणि सिलिंडरला वळसा घालून ओट्याखाली शिरला. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "बघा काका, किती निघाला!"

मेकॅनिक आला. त्याने फेस बघितला, पाकीट बघितलं आणि माझ्याकडे बघून धंद्याचं मर्म सांगितलं. या मशीनमध्ये कपडा वर उचलला जातो आणि धप्पकन खाली पडतो. मोरीतला आपटायचा दगड फिरवून पोटात घेतलाय, एवढंच. फेस झाला की कपडा पडतो गादीवर. आपटणंच होत नाही. म्हणून या मशीनच्या पावडरीत फेस दाबणारी द्रव्यं मुद्दाम घालतात. "जेवढा फेस जास्त, तेवढं धुणं कमी," तो म्हणाला. मावशींनी मान डोलावली आणि तो गेल्यावर विचारलं, "नवीन आहे का हा कामाला?"

तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतर मी एक महिना धुण्याचं सगळं खातं माझ्याकडे घेतलं. हिने ते इतक्या चटकन दिलं की तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिल्या दिवशी मी प्रयोग केला. कपाटातून धुतलेला, वाळलेला, घडी घातलेला एक टॉवेल काढला. बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवला आणि पाच-सहा वेळा दाबला. पावडरीचा कण घातलेला नव्हता. पाणी आधी दुधट झालं, मग कडेने बुडबुडे आले आणि मग बादलीवर दोन बोटं फेस उभा राहिला. मी हिला बोलावलं. ती सात-आठ सेकंद गप्प बसली. आमच्या संसारात ही मोठी घटना आहे. मग म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस आपण पावडरीनेच अंग पुसत होतो." त्या दुपारी घरातले सगळे टॉवेल नुसत्या पाण्यातून काढले. चार पाणी लागली. चौथ्या पाण्यालाही हे लोक जरा जरा फेसाळत होते, सवय जात नाही तशी.

टॉवेलांच्या निमित्ताने कंडिशनरही बंद झालं. ते धाग्यावर मऊ मेणचट थर देतं. त्याने टॉवेल फोटोत छान दिसतो, पण पाणी टिपत नाही. अंगावरचं पाणी इकडून तिकडे सारतो नुसता. मुलाच्या व्यायामाच्या पॉलिस्टरच्या टीशर्टांना तर ते विषच. त्या धाग्यात आधीच घामाचा तेलकटपणा मुक्कामाला असतो, त्यावर हा थर म्हणजे पांघरूण.

पांढऱ्या कपड्यांनी मात्र माझा घाम काढला. जेवताना शर्टावर आमटी सांडली, छातीवर पिवळा डाग. मी तत्परतेने वडी घासली आणि डोळ्यांदेखत डाग लालभडक झाला. शेजारचे जोशीकाका नेमके तेव्हाच आत आले आणि "अहो, बसा बसा आधी, फोन कोणाला करू?" म्हणून धावले. आईला हाक मारली. ती आतून न उठताच म्हणाली, "हळद आहे. साबण लागला की लाल होतेच. कुंकू कशाचं करतात मग?" खरंच की. हळदीला चुना दिला की कुंकू होतं. अल्कली म्हणजे चुनाच नव्हे, सोडाही, आणि तो पावडरीत भरपूर. हळदीला अल्कली भेटली की ती लाजून लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. म्हणजे माझ्या छातीवर आधी हळद आणि मग कुंकू अशी साग्रसंगीत सवाष्ण सजली होती. आईने शर्ट खळखळून धुवायला लावला आणि उन्हात टाकायला सांगितलं. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोन दिवसांत डाग गेला. ज्या जाहिरातीत डाग सेकंदात जातो, त्या जाहिरातीतल्या कुटुंबाला आमटी वाढलेली मी कधी पाहिलेली नाही.

पांढरेपणाचंही एक गुपित याच महिन्यात कळलं. एका लग्नाच्या संगीताला गेलो होतो. हॉलमध्ये ते जांभळे दिवे लागले आणि माझ्या झब्ब्याच्या आत बनियन ट्यूबलाइटसारखं पेटलं. पट्ट्यांसकट. लोक नवऱ्यामुलाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागले. पावडरीत चकाकीची द्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पितात आणि निळसर उजेड टाकतात, त्यामुळे पिवळट कापडही शुभ्र भासतं. आजोबांच्या धोतराला आजी नीळ द्यायची ती याच हिशेबाने : पिवळ्यावर निळ्याची मात. फरक इतकाच, की आजीची नीळ जास्त झाली तर धोतर आकाशी व्हायचं आणि साऱ्या आळीला कळायचं. ही द्रव्यं धुतल्यावर निघून जाण्यासाठी नसतातच, कपड्यावर राहण्यासाठीच असतात. मळ काढायला आलेल्या माणसाने घरातच बिऱ्हाड करावं तसं.

आणि मग सोवळं.

बाबांचं रेशमी सोवळं गणपतीच्या पूजेला मी नेसतो. त्यावर गेल्या वर्षीच्या पंचामृताचा डाग होता. दूध, दही, तूप, मध, साखर. एकेकाला वेगळी पावडर लागेल असा ऐवज. मी डागांसाठीचं खास लिक्विड आणलं. बाटलीवर लिहिलं होतं : रक्त, दूध, अंडं यांचे डाग मुळापासून नाहीसे. सोवळ्यावरचा डाग काढायला अंड्याचं औषध, हे मनाला खटकलं होतं. पण खटकायचं कारण मी धर्मात शोधलं, ते होतं रसायनशास्त्रात. रक्त, दूध, अंडं ही सगळी प्रथिनं. त्यांना तोडणारी एन्झाइम त्या बाटलीत असतात. आणि रेशीम म्हणजे किड्याने काढलेलं प्रथिनच. लोकरही तसलीच. एन्झाइमला दुधाचा डाग कुठे संपला आणि धोतर कुठे सुरू झालं हे कोण सांगणार? मी ते कोमट पाण्यात रात्रभर भिजत घातलं, म्हणजे त्यांना पंगतच मांडून दिली. वर त्या लिक्विडची अल्कली वेगळी, जी सुताला चालते आणि रेशमाला सोसत नाही. सकाळी डाग गेला होता. झळाळीही गेली होती. ते सोवळं हाताला धुवट मांजरपाटासारखं लागत होतं.

या एन्झाइमची कुळकथा मी नंतर वाचली. १९१३ साली ओटो र्‍योम नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जनावरांच्या स्वादुपिंडातल्या एन्झाइमने कपडे धुण्याची युक्ती पेटंटात नोंदवली. आईला हे सांगितलं नाही. आताची एन्झाइम जंतूंकडून तयार करून घेतात, हेही सांगितलं नाही. दोहोंपैकी कशाने सोवळं जास्त मोडलं असतं याचा मला अंदाज येईना.

आईने धोतराची घडी हातात घेतली, दोन बोटांत चोळली, काही बोलली नाही. संध्याकाळी मंडईतून रिठे आणायला सांगितले. ते फोडून, आतली काळी बी काढून टाकून, सालं कोमट पाण्यात भिजवली आणि सकाळी हाताने घुसळली. आत सॅपोनिन असतं, सोड्यासारखी चावत नाही अशी साबणाची जात. पैठण्या आणि सोन्याचे दागिने यानेच धुवायचे हे मी बघत आलोय. रिठ्याचं पाणी घुसळल्यावर त्यावर पांढराशुभ्र, टपोरा फेस आला. आईने समाधानाने मान हलवली. "आला बघ फेस. आता निघेल." मी मेकॅनिकची आठवण काढणार होतो, पण ज्या हाताने निळ्या डब्याचा मार दिला होता तो हात अजून पुरेसा जवळ होता.

मधल्या काळात माझं पुरळ उतरत होतं आणि मला एक नवा नाद लागला होता. कपड्याने आणलेल्या खाजेचा इतिहास. इंग्रजांनी जांघेतल्या गजकर्णाला 'धोबी इच' असं नाव देऊन ठेवलंय. खरं म्हणजे ती बुरशी. तिच्याशी धोब्याचं देणंघेणं नाही, पण त्याने धुतलेले कपडे घालून खाज सुटली म्हणजे दोष त्याचाच. दुसऱ्या प्रकारात मात्र धोबी खरोखर सापडला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर तेवढ्यापुरतंच पुरळ उठायचं. डॉक्टरांनी कपडे उलटेपालटे केले तर नेमक्या त्याच जागी धोब्याची खूण. आपले धोबी कपड्यावर खूण घालायचे ती बिब्ब्याच्या रसाने. पाण्याने न जाणारी शाई. बिब्बा अंगावर उततो हे आपल्याकडे पोरालाही माहीत. त्या गोऱ्यांना तो शर्टातून उतत होता. इंग्रजी वैद्यकाने त्या रोगाला लांबलचक नाव दिलं. मराठीत 'बिब्बा घालणे' एवढ्यात सगळं आलं असतं.

महिना संपता संपता बिनवासाची पावडर घरी आली. तीही सरळ मिळाली नाही. दुकानात बिनवासाच्या दोन जाती निघाल्या. एकीत वास घातलेलाच नाही आणि दुसरीत मूळ वास झाकायला गुपचूप दुसरा वास घातलेला, म्हणजे बिनवासाचा वास. पाठीमागची बारीक अक्षरं चष्मा काढून, डोळ्यांशी धरून वाचली तेव्हा फरक कळला. 'संवेदनशील त्वचेसाठी' हे शब्द मात्र दोन्हींवर मोठ्या टायपात होते. ते छापायला कोणाची परवानगी लागत नसावी, इतके सगळीकडे असतात. घरी आणलेल्या पावडरीने एक रुमाल धुऊन मी आठ दिवस मानेला बांधून हिंडलो. काही झालं नाही, फक्त सोसायटीत मी गुंड झालोय की घसा बसलाय यावर चर्चा झाली. मग सगळं धुणं तिच्यावर आणलं. टोपणाच्या खालच्या रेघेला नेलपॉलिशने लाल खूण केली. मशीनचं 'जादा पाणी'वालं बटण कायमचं दाबलं. मान स्वच्छ झाली, कंबर स्वच्छ झाली आणि मलमाची ट्यूब अर्धी उरली.

खातं मी मावशींना परत सोपवलं. लाल खूण दाखवली, बटण दाखवलं, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

आणि दहा दिवसांनी सकाळी आरशात मानेमागे पुन्हा ती रेघ.

डॉक्टरांकडे जायच्या आधी मी दारामागे उभा राहिलो. मावशींनी मशीन लावलं. पावडर लाल खुणेपर्यंत, ना कमी ना जास्त. जादा पाण्याचं बटण दाबलेलं. धुणं झालं. त्यांनी माझा शर्ट बाहेर काढला, झटकला, नाकाशी नेला आणि हुंगला. एकदा कॉलर, एकदा काख. कपाळाला आठी पडली. ललिताजीच. कशाचाच वास नाही. मग त्या आतल्या बाजूला बघून हळूच पुटपुटल्या, "काकांच्या पावडरीनं काय धुतलंच नाही वाटतं." शर्ट मोरीतल्या बादलीत गेला, फळीवरचं जुनं पाकीट खाली आलं आणि मूठ झाकताना थोडी सांडते म्हणून वर चिमूटभर आणखी.